सतरा नंबरचा मारुती

सावळारामने जन्मात कधी सिगारेट ओढली नाही. पण बारामतीच्या कालव्याच्या बंगल्यावर कोणता साहेब कोणती सिगारेट ओढतो, दिवसाला किती ओढतो आणि रिकामं पाकीट कुठे टाकतो, याची त्याच्याइतकी खबर साहेबांच्या मडमांनाही नसेल. तो बंगल्यावरचा पट्टेवाला. छातीवर पितळी बिल्ला, डोक्याला लाल पटका आणि नजर सदा जमिनीवर. लोकांना वाटे, गडी मोठा नम्र आहे. नम्र कसला! तो पाकिटं शोधत असे.

त्या काळी, म्हणजे छत्तीस सालाच्या आगेमागे, विलायती सिगारेटच्या पाकिटात एकेक चित्र निघायचं. पत्त्याहून लहान, जाड कागदाचं, रंगीत. पुढे माणूस, पाठीमागे इंग्रजीत त्याचं नाव आणि नंबर. कधी क्रिकेटवाले, कधी फुटबॉलवाले, आणि एका जातीच्या पाकिटात तर चक्क आपले हिंदी पैलवान. साहेबलोक शेवटची सिगारेट काढून चित्रासकट पाकीट भिरकावून द्यायचे. गाढवाला गुळाची चव काय!

सावळारामला पहिलं चित्र मिळालं ते पैलवानाचंच. बंगल्याच्या पायरीखाली पडलं होतं. लंगोट कसलेला, छाती फुगवलेली, खांद्यावर चांदीची गदा. खानसाम्याने मागचं नाव वाचून दिलं, जयवंता पैलवान. सावळारामने पोरवयात दोन वर्षं तालमीची माती अंगाला लावली होती. पुढे गुडघा निखळला आणि तो नाद तिथेच संपला. पण पैलवान दिसला की त्याचा हात अजून शड्डू ठोकायला मांडीवर जायचा. त्याने चित्र पटक्याच्या घडीत खोवलं आणि घरी गेल्यावर साफ विसरला.

घरात होती सारजा. सुप्याच्या जोतीरामची लेक, लग्नाला सहा महिने झालेले. बोलायला कमी, बघायला जास्त. शनिवारी दुपारी सावळाराम भाकरी खायला घरी आला, तो चुलीमागच्या देवळीत जयवंता पैलवान उभा! कपाळापासून छातीपर्यंत तेलात कालवलेला शेंदूर, गळ्याशी रुईचं पान, पुढे खोबऱ्याचा तुकडा. सारजा डोळे मिटून हात जोडून बसलेली.

"ह्यो कुठनं आणला?" त्याने विचारलं.

"तुमच्याच पटक्यात हुता की. मारुतीला कुणी पटक्यात खुपसून ठेवतंय व्हय?"

सावळाराम हसायला लागला. इतका हसला की त्याला उचकी लागली, पाणी प्यायला तर ते नाकातून आलं. सारजा टकामका बघत राहिली. तिला खरं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर गंमत संपली असती.

"लय जागृत हाय बरं का त्यो," एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा हसत सुटला.

तेव्हापासून दर शनिवारी हे ठरून गेलं. सारजाने शेंदूर लावायचा, सावळारामने भिंतीला टेकून हसायचं, आणि मग दोघांनी भाकरी खायची. छबूबाई, म्हणजे शेजारी राहणारी सावळारामची चुलती, एकदा बघून गाल फुगवून गेली. बाईमाणसाने मारुतीला हात लावायचा नसतो, हे तिचं म्हणणं. सुप्यालाही बायका पायरीखालूनच पाया पडत. सारजाने सरळ उत्तर दिलं, "देवळातला ब्रह्मचारी आसंल आत्या. ह्यो आमच्या घरातला हाय."

मग आणखी पैलवान आले. दोन, चार, सात. भाकरी झाली की सारजा पदराला हात पुसायची, एकेक चित्र उचलायची आणि विचारायची, "ह्यो कोण?"

की सावळारामची गाडी सुटली! "ह्यो व्हय? ह्येनं मिरजंकडच्या फडात एका पंजाब्याला आसा उचलला..." आणि तो उठून वाकळांची वळकटी उचलायचा, तिला धोबीपछाड घालायचा, वर गुडघा रोवून बसायचा. हलगीचा आवाज तोंडानेच काढायचा. यातल्या निम्म्या कुस्त्या ऐकलेल्या, निम्म्या तिथल्या तिथे रचलेल्या. सारजा तोंडाला पदर लावून हसायची आणि शेवटी दर वेळी एकच विचारायची, "मग हरलेल्याला कुणी उचललं?" त्याचंही उत्तर सावळारामला रचावं लागे. ते दिवस फार गोड होते. गोड चाललंय हे कळायला मात्र तोंड कडू व्हावं लागतं.

तोंड कडू केलं इंदापूरने. साहेबाचं टपाल घेऊन सावळाराम तिथल्या कचेरीत जायचा आणि मोटारीची वाट बघत दत्तोबाच्या हॉटेलात चहा प्यायचा. पुणे–सोलापूर सडकेवरचं हॉटेल. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींतून पाकिटं पडायची, तेव्हा दत्तोबालाही हाच नाद. पण त्याचं सगळं शिस्तीत. साहेबलोकांसारखं पुस्तक केलेलं, त्यात नंबरवार चित्रं, आणि जो नंबर नाही तिथे मोकळी चौकट.

सावळारामची सुटी चित्रं बघून दत्तोबाने नाक उडवलं. "सेट कुठं हाय?"

"शेट म्हंजे?"

"एक ते पन्नास. पुरा. न्हायतर ह्या चित्रांना कोण इचारतो? शेंगदाण्याच्या पुड्या बांधा त्यांच्या."

हे शब्द सावळारामला बोचले ते बोचलेच. माणसाला दुसऱ्याने हसावं आणि त्याने आपली आवड बदलावी, असं जगात रोज घडतं. सावळारामने पुस्तक केलं. क्रिकेटवाले गोळा केले, फुटबॉलवाले गोळा केले, विमानं आणि कुत्रीही सोडली नाहीत. क्रिकेटमध्ये तीन काठ्यांपुढे पायाला उशा बांधून माणूस का उभा राहतो, हे त्याला मरेपर्यंत कळलं नसतं. पण बत्तीस नंबर नाही म्हणून त्याचा घास घशाखाली उतरत नव्हता.

शनिवारी सारजा चित्र उचलून विचारायची, "ह्यो कोण?"

सावळाराम चित्र उलटं करून बघायचा आणि सांगायचा, "अठ्ठावीस नंबर."

"आन ह्यो?"

"एकेचाळीस. हात नगं लावू, तेलाचं बोट लागंल."

मग तिने विचारणं सोडलं. त्यानेही हसणं कधी सोडलं, ते त्याला आठवत नव्हतं.

आणि एका शुक्रवारी त्याने ती गोष्ट केली. क्रिकेटवाल्यांत त्याला दोन नंबर हवे होते, ते दत्तोबाकडे जोडीने होते. दत्तोबाला पैलवानांतला सतरा नंबर हवा होता. सतरा नंबर म्हणजे जयवंता. "शेंदूर फासलेला आसंना, चालंल," असा निरोप होता. सारजा कालव्यावर धुणं घेऊन गेली होती. सावळारामने देवळीतला मारुती काढला, कागदात गुंडाळला आणि इंदापूरची मोटार धरली.

दुसऱ्या दिवशी सारजा न्हाऊन, तेलाची वाटी घेऊन देवळीपुढे बसली. देवळी रिकामी.

"मारुती कुठं गेला?"

"इंदापूरला," सावळाराम पुस्तकातून डोकं न काढता म्हणाला. "एकाच्या बदल्यात दोन आलं. झकास सौदा झाला."

सारजाने तेल परत बुधल्यात ओतलं, बोटाला लागलेला शेंदूर चुलीच्या राखेत पुसला आणि भाकरी थापायला बसली. पंचमीला तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ मुराळी म्हणून आला. ती गेली आणि परत आलीच नाही.

पहिले दोन महिने सावळारामला वाटलं, येईल. निरोप धाडला, तर सुप्याहून उत्तर आलं, सुगी आहे. पुन्हा धाडला, तर तिला बरं नाही. तिसऱ्यांदा उत्तरच आलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पुन्हा पंचमी आली आणि पुन्हा संक्रांत. छबूबाई दुसरी बायको करायच्या गोष्टी बोलू लागली. सावळाराम हं-हं करायचा आणि चित्रं लावायचा. घरी आल्यावर दार उघडं नसतं याची माणसाला सवय होते म्हणतात. त्याला झाली नाही. रोज कुलूप काढताना त्याचा हात क्षणभर थांबायचा. आत बांगड्या वाजतात का ते तो ऐकायचा, आणि मग स्वतःवरच चिडून कडी आपटायचा.

अशात माघ महिन्यात बंगल्यावर एक साहेब उतरला आणि त्याच्या पाकिटात निघाला तोच, बत्तीस नंबर. पन्नास पुरे झाले! सावळाराम पळतच घरी आला. चित्र चौकटीत बसवलं, पुस्तक मांडीवर घेतलं आणि मोठ्याने ओरडला, "आगं ए, हिकडं ये! बघ!"

चूल थंड होती. देवळीत कोळ्याने जाळं केलं होतं. पन्नास क्रिकेटवाले पांढरे कपडे घालून त्याच्याकडे बघत होते आणि त्यांतल्या एकाशीही त्याची ओळख नव्हती. सावळारामला एकदम रडू आलं. चांगला मिशाळ गडी, पण लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

मग त्याने डोळे पुसले आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. सगळी चित्रं जमिनीवर नंबर खाली आणि तोंड वर करून मांडली. एकेकावर बोट ठेवून स्वतःलाच विचारलं, "ह्यो तुला आवडतो का?" विमान आवडत नव्हतं. कुत्री तर मुळीच नाही. फुटबॉलवाले आले न गेले सारखेच. असं करत करत शेवटी उरले अकरा पैलवान, कोपरे मुडपलेले, आणि दुबार आलेला एक जाडा क्रिकेटवाला. तो कशाला? तर सारजा त्याला 'हसरा दाजी' म्हणायची. हे बारा त्याने पटक्यात ठेवले. बाकीचे दोनशेवर बिस्किटाच्या डब्यात भरले. सारजाचा देव आपण घालवला म्हणून ती गेली, तर देव परत न्यायचा, हे त्याच्या मनाने पक्कं घेतलं. रविवारी सकाळी पहिल्या मोटारीने तो इंदापूरला निघाला.

दत्तोबाने डबा उघडला आणि त्याच्या हातातला चहाचा कप कलला.

"समदी?"

"समदी. क्रिकेटचा पुरा शेट हाय त्यात."

"आन बदल्यात?"

"सतरा नंबर."

दत्तोबाने त्याला खालवर न्याहाळलं. "सावळाराम, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? एका चित्रासाठी..."

"देतू का बोल."

"माझा सेट मोडतोय की रं," दत्तोबा कुरकुरला. पण आवळा देऊन कोहळा मिळत असताना कुणी किती कुरकुरावं? त्याने पुस्तक आणलं, सतराची चौकट उघडली आणि चित्र मोठ्या तोऱ्याने सावळारामच्या हातावर ठेवलं. "बघ, कसा केलाय! तू दिलास तवा नुसता लालभडक हुता. रॉकेलचा बोळा फिरवला, वर पावाचा गर घासला, आठ दिस वहीखाली दाबून ठेवला. वळखू येतंय का?"

ओळखू येत नव्हतं, हेच तर दुःख होतं. जयवंता पैलवान कोरा करकरीत उभा होता. सारजाचं बोट जिथे जिथे फिरलं होतं, तिथे तिथे आता एका परक्या माणसाची उघडी छाती दिसत होती. सावळारामला वाटलं, याच्या अंगावर ओरडावं. पण ओरडणार कोणत्या तोंडाने? मारुती आणून दिला होता कुणी? तो "बरं" म्हणाला आणि डबा तिथेच ठेवून बाहेर पडला.

मोटारीत त्याला खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंनी धूळ. त्याने पटक्यातून चित्र काढलं आणि उगाच उन्हात धरलं. आणि काय आश्चर्य! उजेड आरपार आला. छातीच्या मधोमध, कपाळावर, गदेच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढे डाग उजळले. शेंदूर गेला होता, पण तेल कागदाने पिऊन टाकलं होतं. ते कुठल्या रॉकेलला निघणार? सावळाराम बारामती येईपर्यंत चित्र उन्हात धरून बसला. हात भरून आला तरी खाली घेतला नाही.

पुढच्या रविवारी ऑफिसची सायकल मागून तो सुप्याला गेला. बारामतीचा हिरवा पट्टा, ऊस आणि पाट मागे पडले, की पुढे सगळं माळरान आणि खुरटी बाभळ. शाळू काढायला आला होता. जोतीराम बांधावरच भेटला. सासऱ्याने जावयाला पाणी दिलं, गूळ दिला, पण आवाजात गूळ नव्हता.

"पावनं, लय दिसानं वाट चुकला."

"चुकली व्हती मामा," सावळाराम खाली बघत म्हणाला. "म्हणून तर आलू."

म्हाताऱ्याला हे उत्तर अपेक्षित नसावं. त्याने थोडा वेळ तंबाखू मळली आणि हनुवटीने पलीकडच्या बाभळीकडे दाखवलं. "तितं पेंढ्या बांधतीय."

सारजा उन्हाने काळवंडली होती, बारीक झाली होती. त्याला बघून तिने पदर सावरला आणि पेंढीची गाठ मारत राहिली. सावळाराम तिच्यासमोर मातीत बसला. रस्ताभर जुळवलेली वाक्यं पार उडून गेली. त्याने नुसतं चित्र पुढे केलं.

"तुझा मारुती आणलाय."

तिने हात पुसून चित्र घेतलं.

"शेंदूर गेला," तो घाईघाईने म्हणाला. "त्या दत्तोबानं पुसला. पर तेल हाय. उन्हात धर, तुझी बोटं दिसत्यात. मी देव इकला तुझा. माझं चुकलं. आता देवळीत ठेव, मी हात लावणार न्हाय."

सारजाने चित्र उन्हात धरलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाली, "मारुतीला शेपूट आस्तंय."

सावळारामला आधी कळलंच नाही.

"एवढं कळतंय मला," ती म्हणाली. "पयल्या शनवारी खरंच मारुती वाटला. दुसऱ्या शनवारी शेंदूर लावताना नीट बघितलं, तवा कळलं, ह्यो तर पैलवान."

"मग वरीसभर शेंदूर कशापायी लावला?"

"तुमी हसायचा म्हणून." तिने चित्र मांडीवर ठेवलं. "हसायचा, मग जवळ बसायचा, मग एकेकाची कुस्ती सांगायचा. बाईला फडात कोण जाऊ देतंय? हितं जत्रंत हलगी वाजायची, आन आमी घरात भाकरी थापायच्या. मी समद्या कुस्त्या तुमच्या तोंडानं बघितल्या. मग तुमी नंबर सांगाय लागला. मला काय करायचाय नंबर?" तिने डोळे पुसले. "मारुती गेल्याचं दुखलं न्हाय. 'दोन आलं' म्हणून तुमी खूस झाला, त्ये दुखलं."

हसून आपण हिला फसवतो असं सावळारामला वाटत होतं, आणि ही त्याचं हसू राखायला दर शनिवारी वेडी होत होती. एवढी माया घरात होती आणि तो ती पाकिटांत शोधत हिंडत होता. त्याला भारी लाज वाटली.

"बाकीची कुठं हायती?" तिने विचारलं.

"दिली."

"समदी?"

"आपली ठिवली." त्याने पटका सोडला आणि बारा चित्रं पेंढीवर मांडली. हसरा दाजी बघून तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिने बोट फिरवलं आणि एकावर ठेवलं.

"ह्यो कोण?"

सावळारामने चित्र उलटलं नाही. "ह्यो व्हय?" तो म्हणाला, आणि घसा खाकरून त्याने शाळूची एक पेंढी उचलली. निखळलेला गुडघा मातीत रोवला, पेंढी खांद्यावर घेतली, तोंडाने हलगी सुरू केली. लांब बांधावर जोतीराम तंबाखू मळायचा थांबला. पंजाबी पैलवान उचलला गेला, धोबीपछाड बसली, शाळूचं पान न पान उडालं, आणि सारजा तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता रडली.

"मग हरलेल्याला कुणी उचललं?"

सावळाराम धापा टाकत होता. "त्याची बायकू आली व्हती," तो म्हणाला, "तिनं."

सारजाने त्याच्याकडे एकदा बघितलं. त्याने दुसरं चित्र उचललं, तसं तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. बाराही चित्रं गोळा केली, तेराव्या जयवंताला वर ठेवलं आणि पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली.

"ऱ्हाऊ द्या," ती उठत म्हणाली. "समद्या हितंच संपवल्या, तर बारामतीपतूर वाटंनं काय सांगाल?"